देवस्थळी सरांचा पहिला तास

शिक्षकाने पहिल्या दिवशी वर्गात कसं शिरावं, हा विषय मी कल्याणच्या अध्यापक विद्यालयात निवृत्त होईपर्यंत शिकवला. माझ्या हाताखालून गेलेल्या कुणालाही विचारा, अजून पाठ म्हणून दाखवतील. मुलांच्या आधी वर्गात जा. आदल्या संध्याकाळी हजेरीपटावरची नावं मोठ्याने वाचून ठेवा, म्हणजे आयत्या वेळी जीभ अडखळत नाही. आधी स्वतःचं नाव सांगा, मग त्यांचं विचारा. बाप काय करतो ते पहिल्या दिवशी विचारू नका, आपोआप कळतं. आणि वर्ग हसवायचाच असेल तर स्वतःवर हसवा. हे शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढायची. पोरांना वाटायचं, बाईंनी हे कुठल्या तरी जाडजूड इंग्रजी पुस्तकातून काढलेलं असणार. एकाने तर उठून पुस्तकाचं नावच विचारलं. मी म्हटलं, पुस्तक छापलेलं नाही. खरं सांगायचं तर हे सगळं मी एका माणसावरच्या रागातून शिकले, आणि तो राग मी लोणच्याच्या बरणीसारखा जपलाय, कधी ओला हात लागू दिलेला नाही. अजून चांगला टिकून आहे.

त्या माणसाला मी इथे देवस्थळी सर म्हणते. हे त्यांचं खरं नाव नाही. नाव बदललं ते दयेपोटी असं कुणी समजू नये. त्यांची सून डोंबिवलीत आमच्या मागच्याच गल्लीत राहते आणि ती बाई खरोखर भली आहे, म्हणून. ते ठाण्याच्या ज्या हायस्कुलात शिकवायचे त्याचंही नाव लिहीत नाही. टेंभी नाक्यावरून थोडं पुढे चालत गेलं की लागायचं, एवढं पुरे. ते वारले तेव्हा शोकसभेचं बोलावणं मला आलं होतं. "यमुनाबाई, तुम्ही शिक्षणातल्या. सरांच्या पहिल्या तासाबद्दल दोन शब्द बोला. सगळ्यांना तोच आठवतो," असं एक जुना वर्गमित्र फोनवर गहिवरून म्हणाला. मी प्रकृतीचं कारण सांगितलं, आणि प्रकृती ठणठणीत असल्यामुळे त्या दिवशी पुरण घातलं. आज काय आहे म्हणून घरात कुणी विचारलं नाही. पोळ्या चांगल्या झाल्या होत्या.

आमचं घर कळव्यात, खाडीच्या अंगाला. बाबा मिठागरावर कामाला जायचे आणि पावसाळ्यात घरची चार खाचरं लावायचे. भरतीचं पाणी चढायला लागलं की घरात बसल्या बसल्या वास बदलायचा, त्यावरून आय चुलीवरची भाकरी उलटायची की काय असं मला लहानपणी वाटे, कारण घड्याळ आमच्याकडे नव्हतंच. मिठागरात मीठ ओढायला लागले की लांबट लाकडी फावड्यांचा खर्र खर्र आवाज यायचा, त्यावर बायकांची गाणी, आणि त्या सगळ्यावरून मधूनच खाडीपुलावरच्या गाडीची शिट्टी. अंगणात एका बाजूला जवळा वाळत घातलेला, दुसऱ्या बाजूला सुकट, मधे दोरीवर बोंबील, आणि कावळे हाकायला मी. आयच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या इतक्या पांढऱ्या आणि मऊ की त्या दुमडून हातात धरल्या तरी चिरायच्या नाहीत. कैरी घातलेलं सुकटीचं कालवण आणि ती भाकरी, यापलीकडे जगात खायला काही असतं हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. आता त्या मिठागराजवळच्या आमच्या खाचरांवर माझ्या भावांच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांत सुटाबुटातले लोक भाड्याने राहतात. मजल्यावर कुणी मासे तळले की तक्रार घेऊन भावाकडे येतात. भाऊ त्यांना घर बदलायला सांगतो. माझा भाऊ मला फार आवडतो.

कळव्यातली लोकल बोर्डाची शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर दगडी पूल ओलांडून ठाण्याला जायचं, आणि आमच्या भावकीतली एकही मुलगी तोवर शिकायला पूल ओलांडून गेली नव्हती. बाजाराला गेल्या होत्या, लग्न होऊन गेल्या होत्या. मी सातवी पास झाले तेव्हा घरात दोन दिवस कुणी त्यावर बोललंच नाही. तिसऱ्या दिवशी आय भाकरी थापता थापता म्हणाली, "शिकून कं करनार गं तू? मीठ वाचता येतं का?" बाबा उंबऱ्यात बसून पायांच्या भेगांना तेल चोळत होते. ते म्हणाले, "जावं दे तिला. नाय जमला तं येल परत. मीठ काय पलून जातंय?" बस्स, एवढीच चर्चा. आयने बाजारातून पांढऱ्या पोलक्याचं आणि निळ्या परकराचं कापड आणलं, ठाण्याच्या शिंप्याकडे शिवायला टाकलं, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी मला पहाटे उठवून डोकं इतकं घासून न्हाऊ घातलं की दिवसभर कानशिलं दुखत होती. डब्यात भाकरी आणि जवळ्याची चटणी. मी तो डबा पुलावरून छातीशी धरून नेला. मला त्या दिवशी कुणाचीच भीती वाटत नव्हती, हे मुद्दाम लिहून ठेवते.

हायस्कुलात पाचवीपासून शिकणारी ठाण्याची मुलं अ आणि ब तुकडीत, आणि आमच्यासारखी सातवी करून बाहेरून आलेली आठवी क मध्ये. थोडी ठाण्यातलीही होती, बदलीवाल्यांची, नापास झालेली. क तुकडीचे वर्गशिक्षक देवस्थळी सर. त्यांची ख्याती आम्ही फाटकात शिरतानाच ऐकली. वरच्या वर्गातली मुलं दात काढून सांगत होती, "तुमची मजा आहे रे, पहिलाच तास देवस्थळींचा. पोट धरून हसाल." सर आले तेही तसेच, हसत. उंच, गोरे, पांढरा स्वच्छ कोट, हातात खडू. तो खडू त्यांनी वर उडवला, गर्रकन फिरले आणि पाठीमागे हात नेऊन झेलला. वर्ग खूश. मीही खूश. मग त्यांनी एकेकाला उभं करून नाव, गाव आणि वडील काय करतात ते विचारायला सुरुवात केली. पोस्टमनच्या मुलाला म्हणाले, "वा, म्हणजे तुझी तक्रार घरी पाठवायला तिकीट नको." किराणावाल्याच्या मुलाला म्हणाले, "गुळाची ढेप आणलीस का माझ्यासाठी?" सगळे हसत होते, ती मुलंही हसत होती. माझी पाळी आली.

"यमुना गोमा म्हात्रे," मी म्हणाले. "गाव?" "कळवा." "वडील?" "मिठागरावर असतात."

सर थांबले. त्यांनी नाक वर केलं आणि दोनदा हुंगलं. मग काही न बोलता खिडकीपाशी गेले, दोन्ही झडपा सताड उघडल्या, डोकं बाहेर काढून छाती भरून श्वास घेतला आणि खिशातला रुमाल नाकाला लावून परत आले. एव्हाना निम्मा वर्ग खिदळत होता. सर म्हणाले, "मुलांनो, आज डब्यात तोंडी लावायला कुणी काही आणलं नसेल तर काळजी नको. सुकट आपल्या वर्गातच बसली आहे." त्यावर जो हशा उठला तसा हशा मी पुन्हा कुठल्याही सभेत, कुठल्याही नाटकात ऐकला नाही. पोस्टमनचा मुलगा बाकावर डोकं आपटून हसत होता. माझ्या शेजारी बसलेली मुलगी हसता हसता हळूच लांब सरकली. त्यानंतर हजेरी झाली. सगळ्यांची नावं नीट घेतली, आणि माझ्या नावावर येऊन सर क्षणभर थांबले, वर्गाकडे बघून डोळे मिचकावले आणि म्हणाले, "सुकट?" मी म्हणाले, "हजर."

मी हजर का म्हणाले? तेरा-चौदा वर्षांची होते, सर नाव घेतात तेव्हा हजर म्हणायचं असतं एवढंच शिकवलेलं होतं. पण त्या एका शब्दाने ते नाव माझं झालं. शाळा सुटेपर्यंत ते ब तुकडीत पोचलं होतं, आठवडाभरात शिपायाला माहीत होतं. वरच्या वर्गातल्या मुलांनी मोठ्या मायेने समजावलं, "अगं, मनाला लावून घेऊ नको, सर दरवर्षी एकाला धरतात. त्याशिवाय वर्ग जमत नाही त्यांचा." गेल्या वर्षी म्हणे कोपरचा एक मुलगा होता, त्याचं नाव 'गाळ' पडलं. तो कुठे आहे विचारलं तर म्हणाले, दिवाळीनंतर आलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षी कोण होतं ते कुणालाच आठवेना, नुसतं नाव आठवत होतं, 'फटफटी', कारण ते पोरगं तोतरं बोलायचं. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा कळलं की हे सरांच्या तोंडून चुकून निघून गेलेलं नाही. हा त्यांचा धंद्यातला हातखंडा आहे. बाकी सगळा वर्ग एका तासात आपलासा करायचा आणि त्याची किंमत एका पोराकडून वसूल करायची, तीही असं पोर बघून की ज्याचा बाप शाळेत येऊन जाब विचारणार नाही.

ते शिकवायचे कसे, असं मला कुणी कुणी विचारतं. उत्तम शिकवायचे. इतिहास असा सांगायचे की पोरं घंटा झाली तरी उठायची नाहीत. हे मी नाकारत नाही, उलट याचाच मला जास्त राग आहे. वाईट शिकवणारा असता तर त्याला विसरून तरी गेले असते.

त्या वर्षी मी अंगाला इतका साबण लावला की आय बाबांजवळ कुरकुरली. पण साबणावर भागलं असतं तर काय हवं होतं. मी घरी सुकट खायचं बंद केलं. मग जवळा. मग बोंबील, निवट्या, सगळंच. डब्यात कोरडी भाकरी आणि मिरची न्यायची, तीही एकटी बसून खायची. आयला वाटलं पोरीच्या पोटात काही बिघाड आहे, तिने काढे दिले. मग तिला वाटलं कुणाची नजर लागली, मीठमोहऱ्या ओवाळल्या. शेवटी एका दुपारी तिने ताटात कैरी घातलेलं कालवण वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "खा." मी ताट सरकवलं. म्हणाले, "मना वास येतो." आय माझ्याकडे बघत राहिली. तिने स्वतःचे हात नाकाशी नेले आणि हुंगले. मग उठून बाहेर पाण्याच्या डेऱ्याशी गेली आणि हात धुवायला लागली, बराच वेळ धूत राहिली. देवस्थळी सरांनी माझ्याशी जे केलं ते मी कदाचित कधीतरी सोडून दिलं असतं. आयने हात हुंगले ते मी सोडणार नाही. मी आज ऐंशीच्या पुढे आहे आणि हे वाक्य लिहिताना माझे दात आवळले गेलेत.

वर्ष संपता संपता एक नवीन गोष्ट उभी राहिली. धाकट्या काकांची चंद्रा सातवी पास झाली आणि जूनपासून आठवी क मध्ये यायची होती. चंद्रा उंच, काटकुळी, बोलायला लागली की हात हलवायची. काका बाबांना म्हणाले, "यमुनीचा काय झायला ते बघतंय मी. हसत होती पोर, मुकी झायली. माज्या पोरीला तसा काय झायला तं मी पहिल्याच दिवशी घरान बसवनार." चंद्राने मला मिठागराच्या बांधावर गाठून विचारलं, "तायटे, खरा सांग. शालेन काय करतान?" मी तिला सगळं सांगितलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मग मी नाय जायाची." त्याच क्षणी मी ठरवलं की ही जाणार, आणि स्वतःच्या नावाने जाणार. आणि चंद्राच्या भल्याबरोबरच देवस्थळी सरांचं नाक ठेचायला मिळालं तर मला फार फार हवं होतं.

कसं करायचं ते मला आत्याने दाखवलं, पण तिला ते माहीत नव्हतं. गौराआत्या आमची धवलारीण, म्हणजे लग्नाचे विधी सांगणारी आणि लग्नातली गाणी म्हणणारी बाई. आमच्यात धवलारणीशिवाय हळद लागत नाही. वैशाखात खारेगावला एक मोठं लग्न होतं. हळदीला दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसल्या आणि एकमेकींना चिडवायची गाणी सुरू झाली. नवऱ्याकडच्या बायकांनी आमच्या एका मावशीच्या दातांवर गाणं रचलं, मावशी रडकुंडीला आली. आत्या पान जुळवत बसली होती. तिने मान वर केली आणि अगदी साध्या, भोळ्या आवाजात म्हणाली, "बाय, मना नाय समाजला. परत गा गं जरा." त्या बाईने परत गायलं. आमच्याकडचं कुणी हसलं नाही. आत्या म्हणाली, "आनकी एकदा. दातांचा काय म्हनलीस?" तिसऱ्या वेळी त्या बाईचा आवाज चिरकला आणि ती पाणी प्यायला उठून गेली. रात्री ताटं उचलताना मी आत्याला विचारलं, हे कसं केलंस. ती म्हणाली, "आगं, चिडवायचा गाना पहिल्यांदा गोड लागतं. परत परत गायला लावला का मरतं. समोरच्यानं हसाचा नाय आन रडाचा बी नाय. नुस्ता इचाराचा. मग गानारीचाच तोंड उतरतं." असं म्हणून ती खरकटं टाकायला निघून गेली. मी ताट हातात धरून तिथेच उभी राहिले.

त्या लग्नाला कळवा, खारेगाव, विटावा इकडची आमची सगळी जमात लोटली होती, आणि जूनमध्ये आठवी क ला जाणारी झाडून सगळी पोरं मांडवामागे आंब्याखाली हुंदडत होती. मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा केलं. माझ्या शिक्षकी पेशातला पहिला तास कुठला म्हणाल तर तोच. मी स्वतः देवस्थळी सर झाले. दगड वर उडवून पाठीमागे झेलला, नाक वर करून हुंगलं, नसलेली खिडकी उघडली. पोरं खो खो हसली. मी म्हटलं, "हसलात ना? आता उद्या हेच तुमच्यावर." आणि परत केलं. परत हसली. परत केलं. त्यांच्यात विटाव्याचा पदू म्हणून एक होता, गोल चेहऱ्याचा, त्याचं तोंड मुळातच असं की जगात कशाचंच हसू येत नाही. त्याला मी पुढे बसवला. हळूहळू बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघून गप्प राहायला शिकले. मग दुसरा धडा. हात वर करायचा, उभं राहायचं, 'सर' म्हणायचं, आणि अदबीने विचारायचं. उर्मटपणाचा एक शब्द नको. ठाण्याची पोरं वर्गात असतील त्यांचं काय, असं चंद्राने विचारलं. मी सांगितलं, पहिल्या दिवशी लौकर जाऊन पुढचे बाक धरा. मागच्यांना पुढच्यांची पाठ दिसते, पाठ हलली नाही की मागचा हसायला बिचकतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वर्षभर मागच्या बाकावर बसून बघितलं होतं.

शाळा उघडली. मी नववीत गेले होते, आणि नववी आणि आठवी क यांच्यामध्ये फक्त लाकडी पडदी, फळ्यांना हातभर अंतरावर फटी. आमच्या वर्गावर पहिल्या तासाला कुणी शिक्षक आले नव्हते. मी पडदीच्या कडेचा बाक धरला होता. पलीकडे सर आले ते ऐकू आलं, खडू उडवला असणार, कारण आमच्यातला कुणीतरी कुजबुजला, "आला बघ खडू." मागच्या वर्षी माझ्यावर हसलेली सगळी मंडळी कान टवकारून बसली होती, यंदा कोण सापडतंय बघायला. एकेक नाव, एकेक गाव. थोडं थोडं हसू ऐकू येत होतं, ठाण्यातल्या मुलांचं. मग चंद्राचा आवाज आला. "चंद्रभागा कमळ्या म्हात्रे. कळवा."

"म्हात्रे? कळवा?" सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला तो आनंद ऐकू आला. "अरे वा! एक सुकट नववीत गेली नाही तोच..." खिडकीच्या झडपा उघडल्याचा आवाज आला. आमच्या वर्गात दोघंतिघं तोंडावर हात दाबून फुसफुसले. "...यंदा तर अख्खा बोंबील आला की! चांगला उंच आहे, दोरीवर घालायला बरा!"

पलीकडे मागून कुणीतरी एक हसलं आणि थांबलं. मग काहीच नाही. आठवी क मध्ये पंख्याची करकर ऐकू येत होती. मग पदूचा आवाज आला, गंभीर, घोगरा.

"सर, समजलं नाही."

"काय समजलं नाही?"

"ती बोंबील कशी, ते."

"अरे गाढवा, गंमत आहे ती."

"हो सर. गंमत कुठली, ते सांगा ना. आम्ही खेड्यातली पोरं आहोत, आम्हाला कळत नाही."

सर हसले, एकटेच. म्हणाले, "म्हणजे असं बघ, कळवा खाडीवर आहे. खाडीवरचे लोक बोंबील वाळत घालतात. आणि ही मुलगी उंच आहे. म्हणून..." तिथे ते अडकले. खारेगावच्या एका मुलीचा आवाज आला. "सर, म्हणून काय? परत सांगता का?" दुसरा कुणीतरी म्हणाला, "सर, आमच्या घरी पण बोंबील वाळत घालतात. मग मी पण का?" तिसरा म्हणाला, "आणि खिडकी का उघडली, सर?" सगळे सर सर म्हणत होते, सगळे अदबीने विचारत होते. आणि सर उत्तर देत होते! न देऊन करतात काय? खिडकी उकडत होतं म्हणून उघडली म्हणाले. बोंबील हा एक मासा आहे म्हणाले. त्यांचा आवाज वर वर चालला होता. शेवटी चंद्रा स्वतः म्हणाली, स्वच्छ, हात नक्की हलवत असणार, "सर, मागच्या बाकांना ऐकू आलं नाही. परत एकदा सांगा ना, बोंबील म्हणजे काय ते."

आमच्या नववीत हशा फुटला. पोस्टमनचा मुलगा, तोच तो, बाकावर डोकं आपटून हसत होता, आणि पडदीतून ते सरांना ऐकू गेलं नसेल असं होणारच नाही. मी हसले नाही. मला एक शब्दही हुकवायचा नव्हता. पलीकडे खुर्ची सरकली, हजेरीपट टेबलावर आपटला, आणि सरांनी खाली मान घालून असणार, भराभर नावं घ्यायला सुरुवात केली. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. चंद्राचंही.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. पांढरा कोट घामाने काखेत ओला झालेला. बाजूने पोरं धावत होती, त्यातली काही थबकून बघत होती. सर हळू आवाजात म्हणाले, "ती तुझीच ना बहीण?"

"चुलत, सर."

"हे तू शिकवलंस त्यांना."

"काय, सर?"

मला हेडमास्तरांकडे नेतील याची तयारी ठेवूनच मी त्या दिवशी शाळेत आले होते. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं की ते नेणार नाहीत. काय तक्रार सांगणार? मुलं शंका विचारतात म्हणून? ते म्हणाले, "इतकी वर्षं मी पहिल्या दिवशी मुलांना हसवत आलो. नवीन पोरं भेदरलेली असतात. एकदा हसली की मोकळी होतात, शिकायला लागतात. तुला काय कळणार त्यातलं?"

"एक सोडून, सर."

"काय?"

"एक सोडून बाकीची मोकळी होतात."

त्यांनी थबकून बघणाऱ्या पोरांकडे एकदा बघितलं. मग समजावणीच्या सुरात आले, इतिहास शिकवायचे त्याच गोड सुरात. "अगं, माझा काय तुझ्यावर राग होता का? लाडाने म्हणायचो मी."

"सर, माझं नाव काय?" मी विचारलं.

"म्हात्रे," ते लगेच म्हणाले.

"ते आडनाव, सर."

त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, एक नाव नक्की जिभेवर आलं असणार, पण ते मघाशीच पडदीपलीकडे त्यांच्या तोंडावर मेलं होतं आणि दुसरं त्यांच्याजवळ नव्हतं. वर्षभर रोज हजेरी घेतली होती या माणसाने माझी. मी त्यांना मदत केली नाही. उभी राहिले, हात परकरावर जोडून, चांगल्या मुलीसारखी. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत गेला. मला आठवतंय, मला त्या वेळी फार बरं वाटत होतं.

"झालं समाधान?" शेवटी ते म्हणाले.

"नाही, सर."

घंटा झाली. सुट्टीनंतरचा तासही वर्गशिक्षकांचाच, आठवी क वर. सर वर्गाच्या दाराशी गेले आणि तिथे थांबले. आत पोरं आपापल्या जागेवर बसून त्यांची वाट बघत होती, पदू पहिल्या बाकावर. सरांनी कोट सारखा केला, खिशातून खडू काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत खिशात टाकला. मग आत गेले. मी धावत नववीत शिरले, पडदीला पाठ टेकवून बसले, आणि ऐकायला लागले.